ताडपत्रीला परवाना लागत नाही

मी एक जुनी ताडपत्री आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका. माझ्या अंगाला मेणाचा, जवसाच्या तेलाचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास येतो, हे मला ठाऊक आहे. ठिगळे तर इतकी आहेत की त्यांत मूळची मी किती उरले, हे मलाही सांगता यायचे नाही. पण एक गोष्ट ठणकावून सांगते. वाशीम, मालेगाव, मंगरूळपीर या बाजूच्या पुष्कळ मालमोटारींची आणि माझी ओळख आहे. त्यांतल्या एकीनेही मुंबईचा समुद्र पाहिलेला नाही. मी पाहिला आहे. मोटार घरी राहिली आणि ताडपत्री समुद्र पाहून आली, असे कसे झाले, तेच आज सांगायचे आहे.

माझे कापड कानपूरच्या एका गिरणीत विणले गेले. पण नुसते कापड म्हणजे काही ताडपत्री नव्हे. मला ताडपत्री केले ते वाशीमजवळच्या मालेगावच्या रज्जाकभाईंनी. रस्त्याच्या कडेला त्यांचे छोटे दुकान होते. तंबू, बैलगाडीची छपरे, मोटारीवरची पांघरुणे असे सगळे ते शिवत. त्यांनी माझे पट्टे दुहेरी शिवणीने जोडले, मेण आणि तेल कढवून ते माझ्या अंगात मुरवले, उन्हात वाळवले आणि कडेने पितळी कड्या ठोकल्या. मग चार जणांनी माझे चार कोपरे धरले. मध्ये पाणी ओतले आणि रज्जाकभाई स्वतः माझ्याखाली जाऊन बसले. बराच वेळ बसले. उठले तेव्हा त्यांच्या डोक्यावरची टोपी कोरडी होती, आणि मला त्या दिवशी जरा जास्तच मान चढला.

मला विकत घेतले सेवादासने. आसेगावजवळच्या तांड्यावरचा हा बंजारा गडी. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यांतली एक त्याने घेतली होती. ती गाडी सुरू होताना अशी खोकायची की रस्त्यावरची कुत्री आधीच बाजूला होत. सेवादास तिच्यावर कापसाचे गठ्ठे अकोल्याला न्यायचा आणि येताना मीठ, रॉकेल, कापड, पत्रे असे काय मिळेल ते आणायचा. माल कोणताही असो, वर मी असायचे. पाऊस आला की लोक सेवादासला विचारत, माल भिजला का? तो माझ्यावर थाप मारून हसायचा.

सेवादासची आई गोमतीबाई. तो तिला याडी म्हणायचा. एका दुपारी गोमतीबाई सुईदोरा घेऊन माझ्या कोपऱ्याशी येऊन बसल्या. बंजारा बाई सुई घेऊन बसली की तिला कोणी अडवू नये. त्यांनी कोपऱ्यावर लाल आणि पिवळ्या दोऱ्यांचा चौकोन भरला, मधोमध आरसा बसवला आणि काठाला कवड्या लावल्या. रज्जाकभाईंनी ते पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"माय, येवढं मरमर करून पानी अडवलं, अन् तुमी तिले भोकं पाडून ठेवले."

"झुलीले कोपरा नसला तं झूल कोनाची हे कसं समजन?" गोमतीबाई म्हणाल्या.

रज्जाकभाई पुटपुटत एकेका टाक्यावर मेण घासत बसले. गोमतीबाईंचे म्हणणे मात्र मला तेव्हा कळले नव्हते. झूल म्हणजे बैलाच्या पाठीवर, गोण्यांच्या वर घालायचे कापड. त्यांच्या सासऱ्यांच्या काळी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत. त्याला लदेणी म्हणत. समुद्राकाठचे मीठ वऱ्हाडात येई ते लदेणीने. रेल्वे आली आणि लदेणी बसली. बैल विकले गेले, माणसे शेतीला आणि मजुरीला लागली. घरात गाडी आली तेव्हा गोमतीबाईंना वाटले, लदेणी परत आली. म्हणून त्यांनी मला ताडपत्री कधी म्हटलेच नाही. त्यांच्या लेखी मी झूलच होते.

आता मित्रांनो, थोडे हद्दीविषयी सांगते, कारण पुढचे सारे घोडे तिथेच पेंड खाणार आहे. त्या काळी मालमोटारीला परवाना असे आणि परवान्यात हद्द लिहिलेली असे. आमच्या गाडीला अकोला आणि बुलडाणा या मुलखाबाहेर जायची मुभा नव्हती. नाशिक-खानदेशची गाडी तिच्या मुलखात, मुंबईची तिच्या मुलखात. सरकारचा विचार असा की लांबचा माल रेल्वेने जावा आणि जवळचा मोटारीने. रेल्वेत देशाचा एवढा पैसा गुंतलेला, तिला माल मिळायलाच हवा. विचार वाईट नव्हता. पण रेल्वेकडेच डबे कमी पडले तर काय करायचे, हे त्यात लिहायचे राहून गेले होते.

आणि डबे कमी पडले. देशात कारखाने, धरणे, पूल अशी कामे निघाली होती. त्यांचे सामान आणि शिवाय धान्य घेऊन जहाजांवर जहाजे येत होती, आणि मुंबईच्या बंदरात उतरलेला माल तिथेच पडून राहत होता. इकडे आमच्या मालेगावात कधी पत्रे नाहीत, कधी रॉकेल नाही. दुकानदाराला विचारावे तर तो म्हणे, बंदरात आहे. जणू बंदर म्हणजे त्याच्याच दुकानाची मागची खोली.

सेवादासच्या घरातले एक दुःख आता सांगितले पाहिजे. त्याला एक मुलगा होता. नुकता चालायला लागला होता. एका पावसाळ्यात तांड्यावर हिवतापाची साथ आली. एकेका घरात चार-चार माणसे गोधड्या घेऊन कुडकुडत होती. त्याच दिवसांत आम्ही अकोल्याला गेलो होतो. गाडी, सेवादास आणि मी. साऱ्या जगाचा माल आम्ही वेळेवर पोचवला. घरी पोचलो तेव्हा मूल गेले होते. गाडीचा भोंगा ऐकला की त्याची आई, कमलीबाई, दारात यायची. त्या दिवसापासून तिने दारात येणे सोडले. सेवादासनेही तांड्याजवळ भोंगा वाजवणे सोडले. मी निर्जीव वस्तू खरी, पण त्या घरातली शांतता मला सोसत नसे.

सत्तावन सालच्या उन्हाळ्यात कमलीबाईला पुन्हा दिवस गेले होते. मूल ऐन पावसाळ्यात व्हायचे होते, म्हणजे नेमके हिवतापाच्या दिवसांत. घरात याविषयी कोणी बोलत नसे. बोलले की भीती खरी होईल, असे सगळ्यांना वाटे.

त्याच सुमारास हिवताप खात्याचे एक साहेब मालेगावात आले. त्यांच्याबरोबर फवारणीचे पंप होते, म्हणून लोकांनी त्यांचे नाव फवारेसाहेब ठेवले. घराच्या भिंतींवर डीडीटीची पावडर पाण्यातून फवारायची, डास भिंतीवर बसला की मेला, असे ते गावोगाव समजावत. पावसाच्या आधी तांड्यातांड्यांवर फवारणी करायचा हुकूम होता. पंप होते, माणसे होती, फक्त पावडर नव्हती. ती परदेशातून आली होती, जहाजातून उतरलीही होती, आणि बंदरात डब्याची वाट पाहत होती. स्टेशनवाले सांगत की पाळी दसऱ्यापर्यंत येईल. तोपर्यंत डास काही थांबणार नव्हते.

सेवादासने हे रज्जाकभाईंच्या दुकानात ऐकले. त्याने हातातला चहा तसाच ठेवला आणि साहेबांकडे गेला.

"सायेब, तुमी कागद द्या. पावडर मी आनतो."

साहेबांनी परवान्याची आठवण दिली. सेवादास हसला. त्याच्या मते ती अडचण आता उरलीच नव्हती. छप्पनच्या दिवाळीत राज्यांची नवी मांडणी झाली होती आणि आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. राज्य एक झाले, मधली सीमा पुसली गेली, मग हद्द कसली? बाजारात सगळे हेच म्हणत होते. फवारेसाहेबही नव्या राज्यात नवेच होते, त्यांनाही ते पटले. त्यांनी माल सेवादासच्या ताब्यात देण्याचे पत्र लिहून दिले.

आम्ही निघालो. मलकापूरच्या पुढे जुन्या सीमेचा दगड होता. तिथे सेवादासने गाडी थांबवली. खाली उतरून त्याने दगडाला हळद लावली, नारळ फोडला आणि इतकी वर्षे अडवलेस, आता सुखाने राहा, असे काहीसे म्हणून त्याचा निरोप घेतला. मग ऐटीत गाडी पुढे काढली. तोंडातले खोबरे संपायच्या आत पुढच्या नाक्यावर आम्हाला अडवले.

नाक्यावरचे इन्स्पेक्टर कडक होते, पण उद्धट नव्हते. त्यांनी परवाना दोनदा वाचला.

"सायेब, हद्द तं गेली ना?" सेवादासने विचारले.

"राज्याची गेली. तुझ्या गाडीची नाही गेली. परवान्यात जे लिहिलंय ते बदलेपर्यंत तेच खरं."

परवाना कुठे आणि कसा बदलून घ्यायचा, तेही त्यांनी नीट समजावले. त्याला निदान दोन-तीन महिने लागतील, असेही सांगितले. दंड मात्र केला नाही. समजुतीची चूक दिसते म्हणाले, आणि गाडी मागे फिरवायला लावली.

सेवादासने गाडी फिरवून आपल्या हद्दीत, कडुलिंबाखाली उभी केली आणि माझ्या घडीवर डोके टेकून पडून राहिला. तो रडत होता का, हे मी सांगणार नाही. काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात, आणि ताडपत्रीचे पोट मोठे असते.

त्या नाक्याच्या दोन्ही बाजूंना एक विचित्र दृश्य होते. पलीकडे खानदेशातल्या गाड्या वऱ्हाडात जाणारा माल उतरवून बसल्या होत्या. अलीकडे वऱ्हाडातल्या गाड्या खानदेशात जाणारा माल घेऊन खोळंबल्या होत्या. रस्ता एकच, माल दोन्हीकडे. प्रत्येक जण आपापल्या गिऱ्हाइकाच्या माणसांची वाट पाहत होता.

पलीकडच्या गाड्यांत चाळीसगावकडचा फुलसिंग होता. तोही बंजाराच. खामगावला जाणारे रॉकेलचे डबे घेऊन तो अडकला होता. चहाच्या टपरीवर ओळख झाली आणि गप्पा मारत दोघे आमच्या गाडीपाशी आले. फुलसिंगची नजर माझ्या कोपऱ्यावर गेली. त्याने आरशावरून बोट फिरवले, कवड्या चाचपल्या.

"माझी आजी याला झुलीचा कान म्हणायची," तो म्हणाला. "कान पाहिला की तांडा ओळखायचा."

सेवादास एकदम चमकला. त्याला याडीची एक गोष्ट आठवली होती. लहानपणी शंभरदा ऐकलेली आणि कधीच कामाची न वाटलेली. लदेणीच्या काळी कोणताही बैल समुद्रापासून वऱ्हाडापर्यंत येत नसे. कोकणचा बैल घाट चढून थके, वऱ्हाडच्या बैलाला किनाऱ्याची दमट हवा सोसत नसे. म्हणून ठरलेल्या माळावर बैल बदलत. त्याला पालट म्हणत. एका तांड्याच्या गोण्या दुसऱ्या तांड्याच्या बैलांवर चढत, पुढे तिसऱ्याच्या. पण ज्याचा माल त्याची झूल शेवटपर्यंत मालाबरोबर जाई. झुलीचा कान पाहून माल कोणाच्या विश्वासावर निघाला आहे ते कळे, आणि त्या मालाला कोणी हात लावत नसे. झूल ठेवून घेणाऱ्याला पुन्हा कोणत्याच तांड्यावर पाणी मिळत नसे.

"बैल पालटते, झूल पालटत नाही," सेवादास म्हणाला. "फुलसिंगभाऊ, तुहं रॉकेल मी खामगावले नेतो. तू माही झूल घेऊन जाय."

फुलसिंगने मान डोलावली. त्याची गाडी नाशिकपर्यंत जाऊ शकत होती. तिथे मुंबईच्या गाड्या येत, त्यांतल्या एका भरवशाच्या माणसाला तो मला सोपवणार. तो बंदरातून पावडर आणणार, माझ्याखाली झाकून. नाशिकला फुलसिंग ती घेणार, नाक्यावर सेवादास. प्रत्येक गाडी आपल्या हद्दीत, कोणाचा परवाना मोडायचा नाही.

इन्स्पेक्टर हे सारे ऐकत उभे होते. सेवादासने भीतभीत विचारले, की साहेब, यात काही गुन्हा आहे का?

"नियम गाड्यांना आहे," ते म्हणाले. "ताडपत्रीला परवाना लागत नाही."

अशी मी निघाले, मित्रांनो. सेवादासने माझ्या घडीत साहेबांचे पत्र ठेवले आणि कोपरा वर काढून बांधला. गाडी सोडली तर मी त्याच्याजवळची सर्वांत महागाची वस्तू होते, आणि ज्याला तो पहिल्यांदाच भेटला होता त्याच्या हाती त्याने मला दिले. माझ्या मनात धाकधूक होती. त्याच्या मनात किती असेल, याचा तुम्हीच विचार करा.

नाशिकच्या अड्ड्यावर फुलसिंगने मला शफीक नावाच्या ड्रायव्हरकडे दिले. शफीक मुंबईचा, तोंडाने तिखट. त्याची स्वतःची ताडपत्री फाटून तिची चाळण झाली होती. अड्ड्यावरचे टवाळ त्याला म्हणाले, की ही चांगली ठेवून घे आणि तुझी फाटकी परत पाठव, वऱ्हाडातला माणूस काय मुंबईत शोधायला येणार आहे? शफीकने माझा कोपरा उलटून पाहिला. फुलसिंगने त्याला झुलीची रीत सांगितली होती.

"ये किसी की अमानत है," तो म्हणाला, आणि तो विषय तिथेच संपला.

मग मी बंदर पाहिले. समुद्र मला आवडला नाही. इतके पाणी एके ठिकाणी असणे ताडपत्रीच्या जातीला मानवत नाही. लांबवर जहाजे एकामागे एक उभी होती. आत यायला त्यांना जागा नव्हती, कारण धक्क्यावर माल होता. धक्क्यावरचा माल हलत नव्हता, कारण डबे नव्हते. आणि गाड्या होत्या, पण त्या आपापल्या हद्दीत बांधलेल्या. गुदामे भरून पोती उघड्यावर आली होती. शेकडो ताडपत्र्या त्यांच्यावर पसरल्या होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, की मी इथे इतके दिवस आहे की माझ्याखाली काय आहे तेच विसरले. ते ऐकून मला हसू आले आणि वाईटही वाटले. कुठेतरी कोणीतरी त्याच वस्तूची वाट पाहत असेल.

पत्र पाहून तिथल्या कारकुनाने विचारले, की सेवादास कोण? शफीकने माझा आरशाचा कोपरा त्याच्यापुढे धरला. सेवादासला येता येत नाही, म्हणून त्याने हिला पाठवले आहे, असे सांगितले. कारकून वैतागलेला होता, पण माणूस होता. त्याने साहेबांची सही, शिक्का पाहिला, आपल्या साहेबांना विचारले आणि जागा मोकळी होतेय तर होऊ दे म्हणून माल दिला. पावडर जाड पुठ्ठ्याच्या पिंपांत होती. पुठ्ठा भिजला की आतल्या पावडरीचा दगड होणार. म्हणजे आता सारा भार माझ्यावर होता.

कसाऱ्याच्या घाटात वादळ आले. वारा असा की माझी एक कड फाटून कडीसकट उडाली आणि मी त्या बाजूने फडफडू लागले. माझे सारे आयुष्य पाणी अडवण्यात गेले, पण त्या वेळी माझ्याच्याने अडवेना. शफीकने गाडी कडेला लावली, मालावर चढला आणि माझ्या फाटक्या कडेवर आडवा पडला. पाऊस थांबेपर्यंत तो तसाच पडून राहिला. ज्या तांड्याचे नावही त्याला नीट घेता येत नव्हते, तिथल्या भिंतींसाठी तो भिजत होता. मी पुष्कळ माणसांच्या मालावर पडले आहे. माझ्यावर कोणी माणूस असा पडल्याचे तेवढे एकदाच.

नाशिकला फुलसिंगने माल घेतला. पण धुळ्याच्या अलीकडे त्याच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि आम्ही बरेच दिवस खोळंबलो. इकडे सेवादास रॉकेल खामगावला पोचवून नाक्यावर येऊन बसला होता. टपरीवरचे लोक त्याला विचारत, की काय सेवाभाऊ, तुझी ताडपत्री मुंबईत नोकरीला लागली काय? तो रोज आभाळाकडे पाही. हे मला नंतर आमच्या गाडीने सांगितले, आणि गाडी कधी वाढवून सांगत नाही.

आम्ही नाक्यावर पोचलो तेव्हा सेवादास रस्त्यात उभा होता. त्याने आधी पिंपांकडे पाहिलेच नाही. माझा कोपरा शोधला, आरशावरची धूळ धोतराने पुसली आणि एवढेच म्हणाला, "आली." फुलसिंग माझी फाटकी कड दाखवून माफी मागू लागला, तर सेवादासने त्याला मिठीच मारली. इन्स्पेक्टरांनी माझ्याखाली हात घालून पिंपे चाचपली. हात कोरडा निघाला. मग त्यांनी स्वतः दोन माणसे बोलावून माल आमच्या गाडीत चढवायला लावला, कारण पश्चिमेकडे ढग दाटत होते.

फवारेसाहेबांनी पहिली फवारणी सेवादासच्या तांड्यावर करायचे ठरवले. मीही पिंपांवर पांघरलेली होते. तांडा दिसू लागला तेव्हा सेवादासचा हात भोंग्याकडे गेला आणि थबकला. मग त्याने भोंगा वाजवला. लांबलचक वाजवला.

पण फवारणी काही लगेच झाली नाही. गोमतीबाई दारात आडव्या उभ्या. लग्नातला काचा जडवलेला घागरा भिंतीला टांगलेला, त्यावर पांढरे डाग पडतील, देवाच्या कोनाड्यावर घाण पडेल, त्या कोणाला आत येऊ देईनात. साहेब समजावून थकले. बाकीची घरे गोमतीबाईंकडे पाहत होती. त्यांनी नाही म्हटले तर सारा तांडा नाही म्हणणार होता.

तेव्हा कमलीबाई बाहेर आली. भोंगा ऐकून ती आली होती की बोलणे ऐकून, कोण जाणे. जड पावलांनी ती सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"याडी, घागरा मी काढून आनला," ती म्हणाली. "आता आधी माह्या खोलीत मारू द्या. मले हे लेकरू पाह्यजे."

गोमतीबाई मग बाजूला झाल्या. पुढचे त्यांचे ओरडणे ऐकण्यासारखे होते. साहेबांची माणसे कोपरा सोडून पुढे गेली की त्या हाताला धरून मागे आणत आणि इथे मारा, तिथे मारा म्हणत. संध्याकाळपर्यंत साऱ्या तांड्याच्या भिंतींवर पांढरट डाग दिसू लागले. त्यानंतर दोन दिवसांनी पाऊस लागला.

त्या वर्षी हिवताप आलाच नाही, असे खोटे मी सांगणार नाही. आला, पण थोडा आला, आणि सेवादासच्या घराकडे फिरकला नाही. श्रावणात कमलीबाईला मुलगी झाली.

नाक्यावरची पालट पुढे चालू राहिली. ड्रायव्हर लोक एकमेकांचा माल घेऊ लागले, रस्त्याकडेचे ढीग ओसरले. पुढे पुढे हद्दीही सैल होऊ लागल्या. मोठ्या साहेबांच्या बैठका झाल्या म्हणे. आमचे नाव तिथे कोणी घेतले नसेल, आणि घ्यायचे कारणही नाही.

आणि माझे काय झाले? घाटातल्या जखमेनंतर मी लांबच्या मालाला उपयोगाची राहिले नाही. सेवादासने नवी ताडपत्री घेतली. मला एका पावसात भिजलेली तशीच घडी घालून गोठ्यात टाकले. सेवादासचे मन वाईट नव्हते, मित्रांनो, त्याला फक्त घाई होती. पण ओली घडी म्हणजे ताडपत्रीचे मरण. आतून बुरशी चढली, घडीघडीवर कापड कुजले, उंदरांनी कड खाल्ली. जिने एवढी पिंपे कोरडी आणली ती स्वतः ओलीच्या ओली पडून राहिली. मला राग आला नाही. वाईट मात्र फार वाटले.

शेवटी रज्जाकभाई एकदा तांड्यावर आले होते. त्यांनी मला ओळखले आणि सेवादासला चांगलेच झापले. "मानसाले बुखार आला तं दवा देता. हिले काहून असं टाकलं?" असे विचारले. त्यांनी मला उन्हात टाकले, घासून धुतले, कुजलेला भाग कापून काढला आणि उरलेल्या तुकड्याला ठिगळे लावून नवी शिवण दिली. आता मी घरापुढच्या अंगणात असते. माझ्यावर तूर वाळते, ज्वारी वाळते. रोज झाडले जाते, दुपार उतरली की घडी होते, आणि ती कोरडी होते. एवढ्यावर मी सुखी आहे.

म्हणून तुम्हाला सांगणे इतकेच. तुमच्या घरी ताडपत्री असो, छत्री असो, गोणपाट असो, भिजले की आधी वाळवा आणि मग ठेवा. फाटले तर टाका घाला. आणि दुसऱ्याची वस्तू तुमच्या हाती आली, भले ती पुढे कोणाला मिळणार हे ठाऊक नसो, तर ती पुढच्या हाती कोरडी पोचवा. शफीकने मला हेच शिकवले. त्याने तांडा कधी पाहिला नाही.

आता जा, पण पावले जरा हळू टाका आणि फाटक वाजवू नका. तुरीच्या कडेला, माझ्या सावलीतल्या टोकावर सेवादासची लेक झोपली आहे. सकाळपासून तुमच्यासारखीच हुंदडली आणि आत्ता कुठे डोळा लागला आहे. तिचे अंग गार आहे, श्वास नीट चालला आहे. मी केव्हाची तेच पाहत पडले आहे.